ओवी कुणाला ऐकवायची, ते आईला ठरवू द्या

पत्र

ताई, मी ४६ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. आई ७७ वर्षांची आहे, संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावी भावाजवळ राहते. तिला शेकडो ओव्या येतात. लहानपणी मी त्या अर्धवट झोपेत ऐकल्या आहेत. गावात गिरणी आली आणि जातं ओसरीच्या कोपऱ्यात गेलं, ते आजही तिथंच आहे.

यंदा दिवाळीत मी ठरवून गेले. आईला नवं लुगडं नेसवलं, अंगणात खुर्चीवर बसवलं, समोर स्टँडवर फोन लावला आणि म्हटलं, आता म्हण. ती म्हणाली, "आता कुठलं आठवतंय? जात्याबिगर ओवी येत नसती." बळेच पांडुरंगाच्या दोन म्हटल्या आणि उठून गेली.

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. आई मागच्या पडवीत गोधडीला टाके घालत एकटीच गात होती. मी दाराआडून फोन सुरू केला. पाच-सहा ओव्या आल्या. त्यातल्या दोन ऐकून माझे हातपाय गार पडले. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. ती नऊ दिवसांत गेली, तिला बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. दुसऱ्या ओवीत माझ्या वडिलांना बोल लावला आहे: ते तेव्हा बाजाराला गेले, ते दोन दिवसांनी परत आले. वडील आता नाहीत. घरात हे कधीच कुणी बोललेलं नाही.

भावाला ऐकवलं, तर तो म्हणाला, "पुसून टाक. बायकांचं रडगाणं जगाला कशाला? घराची अब्रू जाईल." माझी १९ वर्षांची मुलगी म्हणते, "यूट्यूबवर टाक, आजीला कळणारही नाही. नाहीतर हे सगळं हरवून जाईल." मला दोघांचंही थोडं पटतं आणि दोघांचंही पटत नाही. रेकॉर्डिंग ठेवू की पुसू? आई माझ्यासमोर का गात नाही? जे कळलंय त्याचं काय करू? आणि मला गळा नाही, मग या ओव्या मी शिकणार तरी कशा?

– एक लेक, नाशिक

उत्तर

प्रिय लेकी,

सुरुवात तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून करते. आई तुमच्यासमोर का गात नाही हे ध्यानात आलं, की बाकीच्या प्रश्नांची वाट बरीचशी मोकळी होईल.

"जात्याबिगर ओवी येत नसती" हे आईनं तुम्हाला टाळायला म्हटलेलं नाही. दळण कसं चालायचं ते आठवून बघा. पहाटे तीन-चारला उठायचं. घर झोपलेलं. दोघी जावा नाहीतर नणंद-भावजय जात्याशी समोरासमोर बसायच्या, खुंटा एकच, दोघींचे हात त्यावर. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडायचे. भाकरीचं पीठ रोजचं रोज लागायचं, त्यामुळे खटल्याच्या घरात हे काम उजाडेपर्यंत चालायचं. आणि तेवढा सगळा वेळ जात्याची घरघर चालू असायची. या घरघरीनं ओवीला ताल दिला, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण मला वाटतं तिनं आणखी एक काम केलं, आणि बायकांच्या दृष्टीनं ते जास्त मोलाचं होतं. तिनं शब्द झाकले. आतल्या खोलीतल्या सासूला आणि ओसरीवर निजलेल्या पुरुषांना एक संथ सूर ऐकू यायचा. त्यात कोण कुणाला काय बोललं, हे खुंट्याला धरून बसलेल्या दुसऱ्या बाईलाच नीट कळायचं. म्हणून तर सासरचा जाच, भावानं न केलेली बोळवण, नवऱ्याचा रुसवा, पोटच्या लेकराचं जाणं हे सगळं ओवीत येऊ शकलं. उजेडी, चुलीपाशी यातला एक शब्द बोलायची सोय नव्हती. कितीतरी ओव्यांत बाई जात्यालाच देव म्हणते, त्याला हाक मारून मनातलं सांगते. दळता दळता विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावतो, असं जनाबाईंच्या अभंगांत येतं, तेही याच ठिकाणाहून आलेलं आहे. जात्यापाशी बाईला ऐकणारं कुणीतरी होतं.

आता तुमचं अंगण बघा. दिवसाचा उजेड, खुर्ची, नवं लुगडं, रिकामे हात, आणि समोर एक फोन, ज्यातून हा आवाज पुढं कुणाकुणाकडे जाणार हे आईला ठाऊक नाही. शब्द झाकायला काही नाही. अशा वेळी तिनं पांडुरंगाच्या दोन ओव्या म्हटल्या आणि ती उठली. मला यात विसरभोळेपणा दिसत नाही. तिनं निवड केली. चारचौघांत म्हणायच्या ओव्या वेगळ्या आणि पहाटेच्या वेगळ्या, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. लग्नघरी हळद दळताना, जातं सजवून पाच सुवासिनी ज्या म्हणतात त्या मांडवभर ऐकू जाव्यात म्हणूनच असतात. देवाच्या, वारीच्या ओव्याही तशाच. बाबासाहेबांवरच्या ओव्याही तशाच. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांच्या, बुद्धाच्या ओव्या रचल्या आणि गायल्या, त्या अभिमानानं, जगानं ऐकाव्यात म्हणून. बाभळीखालच्या तान्हीची ओवी त्या प्रकारची नाही. ती जात्यापाशीच म्हणायची, आणि जातं गेल्यावर तुमच्या आईनं तिला गोधडीपाशी जागा करून दिली.

म्हणून रेकॉर्डिंगबद्दल माझं म्हणणं असं. ते आज पुसू नका, आणि आजपासून कुणाला ऐकवूही नका. तुम्ही ते भावाला ऐकवलंत, लेकीला ऐकवलंत. ज्या दोघांसमोर आईनं हे कदाचित कधीच म्हटलं नसतं त्या दोघांना ते तिला न विचारता कळलं. झालं ते झालं, त्यात तुमची ओढ होती, वाईट हेतू नव्हता. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा दोघीच असताना आईला सरळ सांगा: त्या दिवशी पहाटे तू गात होतीस, मी दाराआड होते, मी ऐकलं, आणि फोनमध्ये धरलंही. मग तिला विचारा, ऐकायचंय का. हो म्हणाली तर फोन तिच्या हातात द्या आणि तिचा आवाज तिला ऐकू द्या. ती रागावेल, रडेल, किंवा "अगं, तिसरी ओवी मी चुकीचीच म्हणलीय" असंही म्हणेल. तिन्ही चालेल. पूस म्हणाली तर तिच्या डोळ्यांसमोर पुसा आणि मागं एकही प्रत ठेवू नका. लोकसाहित्याचं नुकसान होईल म्हणून मनात हळहळ वाटेल, मलाही वाटेल. पण जिवंत माणसाचा शब्द मोडून गोळा केलेली ओवी मला नको, आणि तुम्हालाही ती पुढं सुखानं ऐकता येणार नाही.

माझा अंदाज विचाराल, तर ती पूस म्हणणार नाही. इतकी वर्षं एकटीनं सांभाळलेली गोष्ट लेकीनं ऐकली, हे कळल्यावर पुष्कळ बायकांना हलकं वाटतं. मात्र हा माझा अंदाज आहे, त्यावर विसंबून आईला न विचारता पुढं जाऊ नका.

आता त्या बहिणीबद्दल. तुमच्या पत्रात "हातपाय गार पडले" एवढंच लिहून तुम्ही पुढं गेलात, भाऊ काय म्हणाला आणि लेक काय म्हणाली याकडे वळलात. मला वाटतं तिथं थांबायला हवं होतं. तुम्हाला एक थोरली बहीण होती. ती नऊ दिवसांची असताना गेली, म्हणजे बारशाआधी. तिला नाव मिळालं नाही. तेवढ्या लहान लेकराला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, त्याचं श्राद्ध घालत नाहीत, भिंतीवर फोटो नसतो, रेशनकार्डावर कधी नोंद झालेली नसते. त्या काळी बाळंतिणीनं फार रडू नये म्हणून घरातल्या मोठ्या बायकाच तिला गप्प करायच्या आणि पुढच्या बाळंतपणाची वाट बघायला सांगायच्या. अशा मुलीची आठवण जगात जिथं राहिली आहे ती जागा म्हणजे तुमच्या आईच्या त्या दोन ओळी. ५० वर्षांच्या आसपासचा काळ तिनं ती मुलगी तिथं ठेवली आहे.

त्यामुळे आईशी बोलताना ओवीचं कौतुक करू नका. "किती सुंदर रचना आहे" असलं काही चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. प्रश्नही फार विचारू नका. कधी झालं, काय झालं होतं, दवाखान्यात का नेलं नाही, असं एकामागून एक विचारलंत तर ती उत्तरं देत बसेल आणि तिचं सांगायचं राहूनच जाईल. "आई, मला माहीत नव्हतं," इतकं पुरे. तिला बोलायचं असेल तर बोलेल. तुम्हाला घेऊन बांधापर्यंत चालत जाईल, कुणी सांगावं. बोलली नाही, तरी तुम्ही ऐकलं आहे हे तिला कळलेलं असेल.

वडिलांना लावलेला बोल तुम्हाला सगळ्यात जड गेला असणार. ते आता उत्तर द्यायला नाहीत, त्यामुळे मनात त्यांच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं. राहा ना. ते बाजारात दोन दिवस का राहिले, हे ओवीत नाही. हातात पैसा नसेल, बैल विकायला गेले असतील, किंवा घरी येऊन ते तोंड बघायचं बळ नसेल. ओवी ही बाईनं तिच्या जागेवरून सांगितलेली गोष्ट असते. ती खरी असते, आणि ती एकटीच सगळी नसते. आईचं ऐकून घेतल्यानं वडिलांशी बेइमानी होत नाही. मात्र "बाबांचंही काही कारण असेल" हे त्याच बैठकीत आईला समजावायला जाऊ नका. तिला ते तुमच्यापेक्षा जास्त वर्षं ठाऊक आहे.

भावाचं काय? तो म्हणतो त्यातलं एक खरं आहे. हे आईला न विचारता जगासमोर जाऊ नये, यात मी त्याच्या बाजूची आहे. पण "बायकांचं रडगाणं" हा शब्द त्यानं मागं घ्यायला हवा. हा प्रकार किती जुना आणि किती मानाचा आहे ते त्याला सांगा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत बोलायला ओवी हाती घेतली, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी ती बायकांच्या तोंडी होती आणि राजाच्या पुस्तकापर्यंत पोचली होती. वारकरी घरातला असेल तर तुमच्या भावाला यापुढं जास्त सांगावं लागणार नाही. अब्रूचं म्हणाल, तर आईनं लेकरू गमावल्याचं दुःख सांगितल्यानं कुठल्या घराची अब्रू जाते, हे त्यानं शांतपणे स्वतःला विचारून बघावं. मला तर वाटतं, त्याच्या रागाखाली वेगळंच काही आहे. तो रोज आईजवळ राहतो, तिचं औषधपाणी बघतो, आणि त्याला हे माहीत नव्हतं. तुम्ही दिवाळीला आलात आणि तुम्हाला कळलं. त्याच्याशी वाद घालण्याआधी हे एकदा मनात आणा. ती त्याचीही बहीण होती.

तुमच्या लेकीवर मी नाराज नाही. १९ वर्षांच्या मुलीला आजीच्या ओव्या हरवतील याची काळजी वाटते, ही केवढी चांगली गोष्ट. तिचं पहिलं कारणही खरं आहे, हरवतायत. फक्त "आजीला कळणारही नाही" हे वाक्य तिच्याकडून परत घ्या, आणि ते का चुकीचं आहे हे तिला समजावून सांगा. ज्या बाईला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, अगदी तिचं लग्न ठरवतानाही, तिला नातीनं तरी विचारावं. आणि मग तिला कामाला लावा. तिला मी एक काम सुचवते, त्यात तिचा फोनही उपयोगी पडेल.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी १९८०-९०च्या दशकांत गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. एक हजारांहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा तो साठा आहे. बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. मला त्यातली सगळ्यात भावणारी गोष्ट ही, की गाणारीचं नाव आणि गाव ओवीबरोबर लिहिलेलं असतं. "लोकगीत, कवी अज्ञात" असं लिहून मोकळं होणं तिथं नाही. तुमच्या लेकीनं त्यातल्या पुणे-नगरकडच्या काही ओव्या काढाव्यात आणि आजीजवळ बसून तिला ऐकवाव्यात. आजीला गायला सांगायचं नाही, तिचं रेकॉर्डिंग करायचं नाही, फक्त ऐकवायच्या. मुळशीची एखादी म्हातारी गाताना ऐकली, की दोन-तीन ओव्या झाल्यावर तुमची आई म्हणेल, "आमच्याकडं हे असं न्हाई म्हणत." आणि कसं म्हणतात ते सांगेल. एका ओवीला दुसरी ओवी बोलवते, खुर्ची-कॅमेऱ्याला ते जमत नाही. जात्यावरही असंच चालायचं: एकीनं पहिली ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची.

याच वाटेनं तुमचा शेवटचा प्रश्नही सुटतो. गळा नाही म्हणता, पण ओवीला तो लागतच नाही. ओवीचा गळा म्हणजे तिची चाल, आणि ती गावाची असते. त्यात दोन ओळी, ओळीअखेरचं यमक, मध्ये "बाई", "गं", "सांगते" असले श्वास घ्यायचे शब्द, आणि पुन्हा पहिली ओळ, एवढंच असतं. तान नाही, वरची पट्टी नाही, पेटी नाही. चुकलं तर दुसरी सावरून घेते. गाणं येणाऱ्यांनी गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही वाटणी आपण फार उशिरा केली. दळणाऱ्या बाईला कुणी कधी विचारलं नाही, तुला सूर आहे का म्हणून.

मग बसायचं कसं? हातात काम घेऊन, आईच्या बाजूला नको, समोर. 'मानसोल्लास'मधल्या नोंदीत कांडण आहे, दळण नाही, हे लक्षात घ्या. ओवी कष्टाला बांधलेली आहे, एकट्या जात्याला नाही. कांडताना, पाळणा हलवताना, शेतात निंदताना, गोधडी शिवताना ती चालते. आईनं तुम्हाला तुमच्या नकळत दाखवूनच दिलं की गोधडी चालते. तेव्हा गोधडी घ्या. जुनी लुगडी, धोतरं गोळा करा, एक टोक तिच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि टाके घाला. तुमचे टाके मोठे पडतील, ती उसवायला लावेल, लावू द्या. ओसरीवरचं जातं अजून धड असेल तर तेही एकदा स्वच्छ करून मांडा. इतक्या वर्षांनी दगड गुळगुळीत झाला असेल, तर पाथरवटाकडून टाकी घालून घ्या. आपल्याकडे अजून हे काम करणारे आहेत, आणि त्यांनाही काम हवं असतं. किलोभर डाळ भरडून बघा. दोघींना मिळून खुंटा ओढता येतो की नाही, हे आईच्या खांद्याला विचारूनच. जमलं नाही तर गोधडी आहेच.

आणि पहिल्या काही बैठकींना फोन आतल्या खोलीत ठेवा. हे तुम्हाला जड जाईल, कारण वेळ थोडा आहे असं तुम्हाला वाटतं. तरी ठेवा. त्याऐवजी एक वही घ्या. आई झोपल्यावर, आठवतं तेवढं लिहा, दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवा. ती दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करता करता चार नव्या सांगेल. वहीची भीती वाटत नाही. ती घरातच राहते, आणि कुणी वाचायला मागितली तर आधी तुम्हाला विचारावं लागतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी आज आपल्याकडे आहेत ती मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवली म्हणून. बहिणाबाई १९५१च्या डिसेंबरात गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपानं आली. जे उतरवायचं राहिलं ते त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हा वही मनावर घ्या.

लिहिताना आईची बोली सुधारू नका. "न्हाई" असेल तर "न्हाई"च लिहा, "इठ्ठल" म्हणाली तर "इठ्ठल". शहरात शिकलेल्या लेकींचा हात इथं नकळत चालतो आणि ओवी पुस्तकी होते, यमकसुद्धा तुटतं. बहिणाबाईंची खानदेशी बोली तशीच छापली गेली म्हणून आज ती गाणी त्यांची वाटतात. प्रत्येक ओवीखाली दोन गोष्टी मात्र जरूर टिपा: ही कुणाकडून आली आणि कोणत्या वेळी म्हणायची. आई सांगेल, ही माझ्या आत्याची, ही माझ्या थोरल्या जावेची, ही मीच जोडली. मग लक्षात येईल, की या वहीत तुमची आई एकटी नाही, तिच्याबरोबर खुंट्याला बसलेल्या सगळ्या जणी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचं नाव इतरत्र कुठंही लिहिलेलं नाही.

रेकॉर्डिंगची वेळ त्यानंतर येईल, आणि कदाचित तीच म्हणेल, आण तुझा फोन. तेव्हा पहिल्यांदा विचारा, ही कुणी ऐकली तर चालेल? फक्त आपण? घरचे? गाव? सगळे? तिचं उत्तर त्याच वहीत ओवीशेजारी लिहा. ज्या "सगळ्यांना चालेल" त्या तुमच्या लेकीनं खुशाल जगाला ऐकवाव्यात, पण आजीच्या नावासकट आणि गावासकट. "घरचे" असं जिथं लिहिलं जाईल त्या ओव्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर करून एक भावाकडे, एक तुमच्याकडे ठेवा. फायलीला नुसता नंबर न देता ओवीची पहिली ओळ आणि तारीख द्या, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हालाच सापडणार नाही. आणि ज्या ओवीला ती "फक्त आपण" म्हणेल, ती रेकॉर्ड न करता पाठ करा.

– तुमची ताई